बॅटरी नवी, तरी हॉर्न मुका

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "हे काय आपलं काम आहे का?" विषय आहे जुन्या मोटारसायकलच्या चार्जिंगचा. गाडीची बॅटरी सारखी का उतरते, नवी बॅटरी घालूनही हॉर्न का वाजत नाही, आणि आरआर युनिट नावाचा तळहातापेक्षाही लहान भाग कसा तपासायचा आणि कसा बदलायचा, हे आज आपण बघणार आहोत.

आपलं काम आहे का, या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गाडी कुणाच्याही नावावर असो, तिचा खर्च आपल्याच घरातून जातो. तिच्यावर दूध डेअरीवर जातं, पोरं शाळेत जातात, अडलेली बाई रात्री दवाखान्यात जाते. आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा आपणच बसलेल्या असतो. मग ब्रेकचा दिवा लागतो की नाही, हे आपल्याला माहीत असायला नको का?

तिसऱ्या बॅटरीचं कर्ज

आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी १,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. नोंदवहीत कारण लिहायचं असतं, म्हणून सचिवताईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, "गाडीची बॅटरी." कुणीतरी मागून म्हणालं, "अगं, दिवाळीलाच तर घेतली होतीस ना?" तेव्हा कळलं, वर्षाच्या आत ही तिसरी बॅटरी. आधीच्या दोन्ही त्यांनी घरच्या पैशातून आणल्या होत्या. मधल्या काळात दुकानात नेऊन चार्जिंग केलं, त्याचे पैसे वेगळे.

गाडी जुनी, शंभर सीसीची, किक मारून चालू होणारी. नवी बॅटरी बसवली की दोन-तीन आठवडे हॉर्न खणखणीत वाजायचा. मग आवाज बसत जायचा, इंडिकेटर मंद व्हायचे, आणि शेवटी सगळं मुकं. पण किक मारली की इंजिन चालू व्हायचं आणि हेडलाइटही लागायचा. त्यामुळे घरातले म्हणायचे, "गाडी चालते ना? मग झालं."

आमच्या गटात महिन्याला १०० रुपये बचत आहे. म्हणजे १,००० रुपये ही एका बाईची दहा महिन्यांची बचत. कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती. पण एक आजी म्हणाल्या ते आम्हाला पटलं. "हंड्यात पाणी राहात नाही म्हणून नवा हंडा आणायचा, का आधी नळ येतो का ते बघायचं?" बॅटरी म्हणजे हंडा. नळ चालू आहे का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. ते कसं पाहिलं ते पुढे सांगतो. आधी हा नळ म्हणजे काय, ते समजून घेऊ.

गाडीत वीज येते कुठून?

सायकलच्या चाकाला लावायचा डायनॅमो आठवतो? चाक फिरलं की दिवा लागायचा, जोरात पायडल मारलं की दिवा लख्ख व्हायचा. मोटारसायकलमध्येही तसंच आहे. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड एक लोहचुंबकाचं चाक असतं, त्याला आपले मिस्त्री नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल बसवलेली असते. इंजिन फिरलं की मॅग्नेट फिरतो आणि कॉइलमध्ये वीज तयार होते.

पण या विजेच्या दोन खोडी आहेत. पहिली, ती सारखी दिशा बदलते. क्षणात पुढे, क्षणात मागे. हिला एसी म्हणतात. बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज लागते, म्हणजे डीसी. दुसरी खोड, इंजिनाचा वेग वाढला की विजेचा दाबही वाढतो. हा दाब व्होल्टमध्ये मोजतात. आपली बॅटरी बारा व्होल्टची. गाडी जोरात पळते तेव्हा कॉइलचा दाब त्याच्या कितीतरी पुढे जातो. तो तसाच बॅटरीवर सोडला तर बॅटरीतलं पाणी उकळून आटेल आणि बल्ब उडतील.

या दोन्ही खोडींवर लगाम घालणारा भाग म्हणजे आरआर युनिट. त्याचं पूर्ण नाव रेग्युलेटर-रेक्टिफायर. गॅरेजमध्ये कुणी नुसतं 'रेक्टिफायर' म्हणतं, कुणी 'रेग्युलेटर', पण वस्तू एकच.

विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह सगळ्यांना माहीत आहे. पाणी वर येऊ देतो, उलटं खाली जाऊ देत नाही. रेक्टिफायर विजेसाठी तेच करतो: एका दिशेने जाऊ देतो, परत फिरू देत नाही. आणि ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना बायपास माहीत आहे. पाइपात दाब जास्त झाला की जादा पाणी बायपासने परत विहिरीत सोडतात, नाहीतर ड्रिपर निसटतात. रेग्युलेटर तसाच जादा वीज वळवून टाकतो. हे करताना तो तापतो. म्हणून त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि तो गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळलेला असतो, म्हणजे उष्णता निघून जाते.

हेडलाइट लागतो, मग बिघडलं काय?

घरोघरी फसगत होते ती इथेच. हिरो होंडाची स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. तिच्या आणि त्याआधीच्या सीडी हंड्रेडच्या जुन्या, किकच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. तो थेट मॅग्नेटच्या विजेवर चालतो. म्हणूनच गाडी उभी असताना रेस कमी केली की दिवा मंद होतो. इंजिनाच्या ठिणगीसाठीही मॅग्नेटमध्येच वेगळी कॉइल असते. म्हणजे बॅटरी पूर्ण मेली तरी या गाड्या किकवर चालू होतात आणि हेडलाइट लावून धावतात.

मग बॅटरीवर काय चालतं? हॉर्न, चारही इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा. म्हणजे दुसऱ्याला सावध करणारं सगळं बॅटरीवर.

आता उसाच्या हंगामातला रस्ता डोळ्यांपुढे आणा. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. आपली गाडी अचानक ब्रेक दाबते. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला आपला ब्रेकचा दिवा दिसत नाही. हॉर्न द्यावा तर तो मुका. आणि मागच्या सीटवर आपण, मांडीवर लेकरू. गाडी 'चालते' एवढ्यावर समाधान मानू नये, ते यासाठी.

किकच्या या गाड्यांची बॅटरी साधारण अडीच अँपिअर-अवरची असते, म्हणजे अगदी लहान. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा. हिशोब केला तर भरलेल्या बॅटरीवर हा एक बल्ब सलग लावून ठेवला तरी दीड तासाच्या आत ती रिकामी होईल. मागून भर पडत नसेल तर ही बॅटरी किती दिवस पुरणार? शिवाय उतरलेल्या अवस्थेत बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या आतल्या पाट्यांवर थर धरतो आणि ती कायमची निकामी होते. म्हणजे आरआर युनिट खराब झालं की चांगली बॅटरीही मरते.

लक्षणं दोन प्रकारची

चार्जिंग कमी पडत असेल तर हॉर्नचा आवाज बसतो, इंडिकेटर लागतात पण लुकलुकत नाहीत, ब्रेकचा दिवा मंद होतो, आणि चार्ज करून आणलेली बॅटरी काही दिवसांत पुन्हा उतरते.

चार्जिंग जास्त होत असेल तर हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, बॅटरीची कड फुगते, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला तर गाडी लगेच बंद करा आणि जवळ काडी पेटवू नका. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

दोन्ही प्रकारांत संशय आरआर युनिटवर जातो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा मीटर देतो.

मीटर लावायच्या आधी

मल्टिमीटर हे साधं यंत्र दोनशे-तीनशे रुपयांपासून मिळतं. एका गटात एक पुरे. काळी वायर 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल वायर 'व्ही' लिहिलेल्या भोकात. शेजारी १० अँपिअरचं भोक असतं, त्यात लाल वायर घालू नका. तशी घालून बॅटरीला लावली तर शॉर्ट होतं.

गाडी मोकळ्या हवेत, डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवा. पदर खोचा, ओढणी बांधा, वेणी मागे टाका. चेन आणि चाक कुणाची वाट बघत नाहीत. धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र पोलक्याच्या आत घाला. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर क्षणात तापून हात भाजतो. लेकरं लांब ठेवा आणि सायलेन्सरपासून स्वतःही लांब राहा.

पाच पायऱ्यांची तपासणी

पहिली पायरी, डोळ्यांनी बघणं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का? असेल तर बॅटरीची टोकं सोडवा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, पुन्हा आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कित्येकदा एवढ्यावरच काम होतं.

दुसरी पायरी, फ्यूज. तार तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली तर फ्यूज उडालाय. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा जाड तार घालू नका. फ्यूजऐवजी मग वायरिंग जळेल.

तिसरी पायरी, गाडी बंद ठेवून बॅटरी मोजणं. मीटर डीसी २० वर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या अधिकला, काळं उण्याला. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. मीटर तसाच ठेवून गाडी चालू करा आणि दुसरीला हळूहळू रेस वाढवायला सांगा. आकडा वाढून साडेतेरा ते पंधराच्या आत स्थिर राहिला तर चार्जिंग ठीक आहे. तरी बॅटरी टिकत नसेल तर दोष बॅटरीत किंवा वायरिंगमध्ये. रेस वाढवूनही आकडा जागचा हललाच नाही, तर चार्जिंग होत नाही. आणि पंधराच्या पुढे चढत गेला, तर रेग्युलेटरने लगाम सोडलाय. बॅटरी फार उतरलेली असेल तर आधी दुकानात चार्ज करून घ्या आणि मग मोजा, नाहीतर आकडा फसवतो.

पाचवी पायरी, चोर कॉइल की आरआर युनिट, ते शोधणं. किकच्या त्या जुन्या गाड्यांत युनिटला चार वायरी असतात. पांढरी वायर कॉइलकडून चार्जिंगची वीज आणते. पिवळी हेडलाइटच्या बाजूची. लाल बॅटरीकडे जाते. हिरवी म्हणजे अर्थ. लक्षात ठेवायला सोपं आहे, घरच्या वायरिंगमध्येही अर्थची वायर हिरवीच असते. इतर कंपन्यांच्या गाड्यांत रंग वेगळे असतात. तिथे रंगावर विसंबू नका, माहितगाराला विचारा.

गाडी बंद करून युनिटचा कपलर सोडवा. आता गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये लाल आणि हिरवी वायर मोजा, मीटर डीसीवर. बॅटरीएवढाच आकडा आला पाहिजे. नाही आला, तर मधली वायर तुटलीय, अर्थ सुटलाय किंवा फ्यूज गेलाय. युनिट बदलून काही होणार नाही.

आकडा आला तर मीटर एसी २०० वर करा. हेडलाइटचं बटण बंद आहे ना ते बघा. कारण लगाम घालणारं युनिट आता काढलेलं आहे आणि दिवा चालू राहिला तर बल्ब उडेल. गाडी चालू करून पांढरी आणि हिरवी मोजा. उघड्या टोकांना हात लावू नका. रेस वाढवल्यावर आकडा वाढत गेला तर कॉइल वीज देतेय. म्हणजे वीज येतेय, वायर धड आहे, तरी बॅटरीपर्यंत पोचत नाही. दोष आरआर युनिटचा. आकडा आलाच नाही तर दोष कॉइलचा किंवा तिच्या वायरीचा. कॉइलसाठी इंजिनाचं झाकण उघडून मॅग्नेट ओढून काढावा लागतो. त्याला वेगळा पुलर लागतो, ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावं.

गटातल्या गाडीचं काय निघालं?

ताईंची गाडी आम्ही बैठकीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात उभी केली. गावातलेच एक मिस्त्रीदादा मीटर घेऊन आले. बॅटरीची टोकं स्वच्छ होती, फ्यूज शाबूत. बॅटरी ११.८ व्होल्ट. गाडी चालू करून रेस वाढवली, तरी ११.८. कपलर सोडवला. लाल वायरीत बॅटरीचा आकडा आला, म्हणजे वायर धड. पांढऱ्या वायरीत रेसबरोबर आकडा चढत गेला, म्हणजे कॉइलही धड. राहिलं कोण? आरआर युनिट.

बॅटरी दुकानात सावकाश चार्ज करून आणली. दुसऱ्या दिवशी मोजली तर १२.६ वर टिकून होती. म्हणजे जी फेकून द्यायची ठरली होती ती बॅटरी अजून चांगली होती. १,००० रुपयांच्या कर्जाची गरजच उरली नाही. लागला तो फक्त युनिटचा खर्च, काही शे रुपये.

आरआर युनिट बदलायचं कसं?

आधी खरेदी. जुनं युनिट काढून सोबत न्या. गाडीचं मॉडेल, साल, किकची की सेल्फची, हे सांगा. नव्या युनिटच्या पिना तेवढ्याच हव्यात आणि कोणत्या रंगाची वायर कुठल्या जागी आहे तेही जुळायला हवं. कपलर बसला म्हणून युनिट बरोबर आहे असं नाही. पक्कं बिल घ्या.

आता काम. गाडी बंद, चावी काढलेली, युनिट थंड झालेलं. चालू गाडीचं युनिट चटका देतं.

एक. बॅटरीचं उणे टोक आधी सोडवा. याच टोकाची वायर सांगाड्याला जोडलेली असते. ते आधी सोडवलं की नंतर पाना चुकून सांगाड्याला लागला तरी शॉर्ट होत नाही.

दोन. युनिट शोधा. कुठल्या गाडीत साइड पॅनेलच्या आत असतं, कुठल्या गाडीत पेट्रोलच्या टाकीखाली. पट्ट्या असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याला चार वायरी, ही खूण. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तीन. कपलरची कडी दाबून कपलरच ओढा, वायरी ओढू नका. आतल्या पिना बघा. एखादी तपकिरी झालीय, प्लास्टिक वितळलंय असं दिसलं तर कपलरही बदलून घ्या. जळक्या पिनेवर नवं युनिट बसवलं तर तेही फार काळ टिकत नाही.

चार. बोल्ट सोडवा. बहुतेक ठिकाणी १० नंबरचा पाना लागतो. बोल्ट गंजला असेल तर जोर करू नका. थोडं तेल सोडून थांबा.

पाच. ज्या जागेवर युनिट बसतं तिथला गंज आणि माती पॉलिश पेपरने घासून काढा. या जागेतूनच उष्णता बाहेर जाते आणि काही गाड्यांत अर्थही इथूनच मिळतो. बहुतेकजण ही पायरी गाळतात, पण युनिटचं आयुष्य हिच्यावर आहे.

सहा. नवं युनिट ठेवून बोल्ट घट्ट आवळा. कपलर 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. वायर टाकीखाली चेमटत नाही ना, हँडल वळवल्यावर ताणत नाही ना, ते बघा.

सात. बॅटरीचं उणे टोक सगळ्यात शेवटी जोडा. अधिक-उणे उलटं झालं तर नवं युनिट तिथल्या तिथे जळेल, म्हणून दोनदा बघा.

आठ. पुन्हा चौथी पायरी. मीटर लावा, रेस वाढवा. आमच्या गटातल्या गाडीवर आकडा १४.१ ला जाऊन थांबला. मग हॉर्न, चारही इंडिकेटर, आणि ब्रेकचा दिवा. हाताचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक, दोन्ही दाबून बघा. मागे एकीला उभं करा.

सगळं मिळून अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. स्वतः करायचं नसेल तर मिस्त्रीदादांकडून करून घ्या. पण जवळ उभ्या राहा आणि म्हणा, "दादा, आधी मीटर लावून दाखवा. नवं बसवल्यावर पुन्हा दाखवा." चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही.

युनिट जळतं कशामुळे?

मिस्त्रीदादांनी सांगितलेलं एक कारण आपल्या भागात फार लागू आहे. दुधाच्या किटल्या अडकवायला आपण गाडीच्या सांगाड्याला लोखंडी आकडे वेल्डिंग करून घेतो. वेल्डिंग करताना बॅटरी आणि युनिट जोडलेलंच राहिलं तर वेल्डिंगचा जोरदार प्रवाह युनिटमधून जाऊन ते जळू शकतं. म्हणून वेल्डिंगला गाडी लावण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि युनिटचा कपलर सोडवायला सांगा.

बाकीची कारणं साधी आहेत. सैल बोल्ट, खराब अर्थ, धुताना पाण्याची जोरदार धार कपलरवर मारणं, बॅटरी उलटी जोडणं. बॅटरी काढून टाकून तशीच गाडी पळवणंही वाईट. बॅटरी विजेचे झटके सांभाळून घेते. ती नसली की ते युनिटवर आणि बल्बवर जातात.

श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न

*मोठा हॉर्न आणि जादा दिवे लावले तर चालतील का?*
जुन्या गाडीची कॉइल कंपनीने दिलेल्या दिव्यांपुरतीच वीज बनवते. वरचा भार बॅटरीवर पडतो. युनिट चांगलं असलं तरी मग बॅटरी उतरते.

*सेल्फ स्टार्टच्या गाडीचं युनिट किकच्या गाडीला बसेल का?*
नाही. सेल्फच्या गाडीची बॅटरी मोठी, कॉइलची जोडणी वेगळी. ज्या गाडीचं त्याच गाडीचं युनिट घ्या.

*जुन्या बाजारातून वापरलेलं युनिट स्वस्तात मिळतं. घ्यावं का?*
घेऊ नये. त्याचा रेग्युलेटर धड आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. तो बिघडलेला निघाला तर बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातील.

*आमची गाडी नवी आहे. तिलाही हेच लागू?*
नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांत हेडलाइट आपोआप चालू राहतो, बटणाने बंद करता येत नाही. म्हणजे आपली पाचवी पायरी तिथे चालत नाही. आणि एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. त्यांत पेट्रोल सोडण्याचं कामही विजेवर चालतं. अशा गाडीला चौथ्या पायरीपर्यंत मीटर लावून बघा, पुढचं काम मात्र जाणकाराकडे द्या. वॉरंटी असेल तर वायरिंगला हात लावू नका.

*जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली तर?*
बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. बॅटरी फोडू नका, ॲसिड नालीत किंवा उकिरड्यावर ओतू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या आणि तिची किंमत बिलातून कमी करून घ्या.

पुढच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. गटासाठी एक मीटर घ्यायचा ठराव मांडा, आणि सगळ्याजणींच्या घरच्या गाड्यांचा हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा एकदा तपासा. दिवा न लागणाऱ्या गाडीवर रात्री कुणी बसायचं नाही, हेही ठरवा.

आणि कुणी बॅटरीसाठी कर्ज मागितलं तर द्या जरूर. पण नोंदवहीत कर्जाच्या कारणाशेजारी दोन आकडे लिहायला सांगा: गाडी बंद असताना किती व्होल्ट, रेस वाढवल्यावर किती व्होल्ट. कर्ज बॅटरीला द्यायचं की आरआर युनिटला, हे ते दोन आकडेच सांगतील.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार!